‘मोठं हॉस्पिटल बांधा, बाकी सगळं वाया’ म्हणणाऱ्यांसाठी

गडचिरोली-मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी आली की एक मेसेज हमखास फिरतो: दवाखाने आहेत, पण ते लोक मांत्रिकाकडेच जातात, गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना औषधं देणं म्हणजे जिवाशी खेळ, हा पैसा जिल्ह्याच्या मोठ्या हॉस्पिटलात घाला. माझ्या ओळखीचे शिकलेले लोकही तो पुढे पाठवतात, म्हणून हे लिहिते आहे.

‘ते दवाखान्यात येत नाहीत.’ का येत नाहीत, हे कुणी विचारलं? गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी विचारलं. गोंड लोकांनी सांगितलं: मोठ्या इमारतीत जीव घाबरतो, पांढरं कापड आम्ही मढ्यावर घालतो, आणि नातेवाइकांना बाहेर काढतात. मग ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीत झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला. दंतेश्वरी देवीच्या नावाचा, सोबतचं माणूस राहील असा. तिथे लोक येतात.

‘कमी शिकलेल्या बायका काय करणार?’ या वाक्याची मला सर्वांत जास्त चीड येते. न्यूमोनिया ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं, म्हणून एक साधं मोजणीयंत्र केलं: वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. अडचण मोजण्याची होती, अकलेची नव्हती.

पुढे गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही द्यायचं. पूर्वी अशा संसर्गात शंभरातली सोळा-सतरा बाळं जात. त्यांच्या उपचारानं तीनच्या आत. ३९ गावांत १९९३–९५ मध्ये हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती, १९९७–९८ मध्ये पंचवीसेक. हे काम नसलेल्या शेजारच्या ४७ गावांत आकडा जवळपास तिथेच राहिला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे १९९९ साली छापून आलं. खेळ म्हणायचा कशाला?

मोठं हॉस्पिटल हवंच. अडलेल्या बाळंतिणीचं सिझेरियन झोपडीत होत नाही. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, आणि तीन दिवसांचं बाळ पाणी उतरायची वाट पाहत नाही. त्या वेळी जी बाई चालत घरी पोचते, तीच त्याचा दवाखाना.

‘एका जोडप्यापुरतं जमलं’ हेही खरं नाही. २०११ पासून हीच कल्पना देशभर ‘आशा’ कार्यकर्त्यांकडून राबवली जाते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. या सहा खेपांचा मिळून मोबदला तेव्हा ठरला २५० रुपये. पैसा वाया जातो म्हणणाऱ्यांनी ही रक्कम एकदा सहानं भागून पाहावी.