खुब्याचं ऑपरेशन, आयसीयू आणि तो मेसेज

‘पंचाहत्तरीनंतर खुबा मोडला तर ऑपरेशन करू नका, आयसीयूत गेलेला माणूस परत येत नाही’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

धोका आहेच. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण २० ते ३० टक्के वर्षभरात दगावतात. पण त्यामागे बहुतेकदा न्यूमोनिया किंवा आधीपासूनचा हृदयाचा, मूत्रपिंडाचा आजार असतो. आयसीयूत मृत्यू जास्त दिसतात, कारण तिथे नेतातच मुळी जास्त आजारी पेशंट. बंब दिसला म्हणून आग बंबानेच लावली, असं कोणी म्हणतं का? शिवाय कित्येकांना फक्त एका रात्रीच्या देखरेखीसाठी ठेवतात.

२०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिप अटॅक’ या खुब्याच्या ऑपरेशनवरच्या अभ्यासात १७ देशांतले २,९७० पेशंट होते, भारतातलेही. सगळ्यांचं वय ४५ किंवा त्याहून जास्त. ९० दिवसांनी दहातले नऊ हयात होते.

उलट ऑपरेशन न करता पायाला वजन बांधून महिना-दीड महिना झोपवून ठेवलं, की माकडहाडावर आणि टाचेवर जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताची गुठळी होते. म्हणून शक्यतो ४८ तासांत ऑपरेशन आणि दुसऱ्याच दिवशी पलंगाच्या कडेला बसवणं. आणि हो, तीन चेंडूंचं ते श्वास ओढायचं यंत्र आजींच्या उशाशी नुसतं पडून असतं. कफ साठू नये म्हणून ते त्यांच्या हातात द्या.