शेवटची पाळी कधी आली होती?

मी आकडे साफ करते. मोठ्या आरोग्य-अभ्यासांतून जी माहिती भरून येते, तिच्यातल्या चुका, रिकाम्या जागा, अशक्य तारखा हुडकायच्या आणि फॉर्म परत पाठवायचे, हे माझं पोटापाण्याचं काम. गेली काही वर्षं त्यातला बराच वेळ एकाच विषयात गेलाय: दिवस भरण्याआधी होणारी बाळंतपणं. विषय निघाला की लोक विचारतात, "मग कारण सापडलं का?" मी दर वेळी काहीतरी गुळमुळीत बोलून सुटते. आज नीट लिहिते. लांबलंय, सवडीने वाचा.

३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलं ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. दहातलं एक. यातली साधारण ६५ टक्के दक्षिण आशिया आणि सहाराच्या खालच्या आफ्रिकेत. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळं गरीब देशात असतील तर दहातली नऊ पहिल्या काही दिवसांतच जातात, आणि श्रीमंत देशात दहातलं एखादं. हे वाचून वाटतं की कारणं शोधायला सगळी शास्त्रज्ञ मंडळी तिकडेच धावली असतील. तसं झालेलं नाही. २०१७ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी जोडलेली जनुकं पहिल्यांदा ठामपणे सापडली, ती ४३,५६८ बायकांच्या अभ्यासातून, आणि त्या सगळ्या युरोपीय वंशाच्या होत्या.

बरं, सगळ्या सोयी असल्या की कारण सापडतंच असंही नाही. २०१६ साली पाच प्रगत ठिकाणच्या ४१ लाख बाळंतपणांच्या नोंदी एकत्र करून तपासल्या गेल्या. साधारण दोन तृतीयांश अपुऱ्या दिवसांच्या जन्मांचं स्पष्टीकरण मिळालं नाही. तिथे "अज्ञात" लिहिलं तर ते प्रामाणिक आहे. शोधलं, सापडलं नाही. पण जिथे शोधलंच नाही तिथेही आपण तोच शब्द लिहितो, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे.

एका फेरीत मी आरोग्यसेविकेबरोबर गेले होते. समोरची बाई दिसायला चार-साडेचार महिन्यांची, मांडीवर वर्षाचं पोर, अंगावर पिणारं. सेविकेने छापील प्रश्न विचारला, "शेवटची पाळी कधी आली होती?" बाई हसली. "आलीच नाही की. हा पोटात होता तेव्हापासून नाही." सेविका थांबली. पेनाचं टोक रकान्यावर तसंच. मग तिने पोटावर हात ठेवून अंदाज घेतला, बोटांवर मागे मोजलं आणि लिहिलं: १ तारीख. महिना अंदाजाने. मी काही बोलले नाही, कारण मला माहीत होतं की रकाना रिकामा राहिला तर फॉर्म परत येतो. आणि तो परत पाठवणारी मीच.

जागेवर परतून मी शेवटच्या पाळीच्या सगळ्या तारखांचा आलेख काढला. १, १०, १५, २०. चार मनोरे आणि मध्ये सपाट मैदान. सगळ्या बायकांची पाळी ठरवून याच तारखांना येते असं वाटावं. या तारखांवरूनच आठवडे मोजायचे, आठवड्यांवरून कुठलं बाळ अपुऱ्या दिवसांचं ते ठरवायचं, आणि मग त्याची कारणं शोधायची. पायाच भुसभुशीत, आणि वर आम्ही दशांश चिन्हापुढे दोन आकडे लिहितो.

पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजली तर अंदाज पाच-सात दिवसांपेक्षा जास्त चुकत नाही. हीच सोनोग्राफी शेवटच्या तीन महिन्यांत केली तर तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो. आणि तीन आठवडे म्हणजे ३५ की ३८, म्हणजे सगळा खेळच. पण ज्या बाईला दवाखाना गाठायचा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची, ती पहिल्या तीन महिन्यांत येत नाही. कित्येकींना तर दिवस गेल्याचं कळतंच उशिरा.

मग वजनावर जायचं. वजन काटा सांगतो, त्यात आठवणीचा संबंध नाही. पूर्वी सगळं जग हेच करायचं, २५०० ग्रॅम किंवा कमी म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. १९६१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन प्रकरणं वेगळी केली, कमी वजनाचं म्हणजे अपुऱ्या दिवसांचंच असं नव्हे. कागदावर वेगळी झाली, एवढंच म्हणेन. मी एका १९०० ग्रॅमच्या बाळाची तपासणी जवळून पाहिली आहे. माझ्या यादीत ते अपुऱ्या दिवसांचं होतं. डॉक्टरबाईंनी त्याचा तळपाय उजेडाकडे वळवला, टाचेपर्यंत रेघा. कान दुमडून सोडला, टुणकन सरळ झाला. पाठीवरची लव जवळजवळ गेलेली. "दिवस भरलेत याचे," त्या म्हणाल्या, "पोटातच उपाशी राहिलंय." म्हणजे इथे प्रश्न वेळेआधी कळा का आल्या हा नव्हताच, वारेतून, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या अवयवातून, त्याला पुरेसं का मिळालं नाही हा होता. दोन वेगळे आजार मी एका रकान्यात टाकून कारण शोधत होते.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "ताई, आठवडे मोजत बसण्यापेक्षा त्या पैशात बाळं वाचवा." मला हा राग कळतो. पण ऐका. मुदतीआधी कळा आल्या तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे श्रीमंत देशांत दशकानुदशकं सिद्ध झालेलं. मग हे गरीब भागांत खेडोपाडी पोचवायचं ठरलं. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, भारत, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया अशा सहा देशांत मोठा प्रयोग झाला, जवळपास लाखभर जन्मांचा. आठवडे नक्की माहीत नसतील तिथे पोटाची उंची मोजायला रंगीत पट्ट्यांची टेप दिली होती. निकाल छापून आले तेव्हा धक्काच बसला. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि सगळ्या बाळांचे मिळून हजारी साडेतीनने वाढले. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायकांना पुढे कमी वजनाचं बाळ झालंच नव्हतं. नेमकं काय बिघडलं यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. पण मुळात गरज कुणाला होती हेच तिथे नीट ओळखता आलं नाही, यावर फारसा वाद नाही.

नंतर जागतिक आरोग्य संघटनेने दुसरा प्रयोग केला, बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातल्या २९ रुग्णालयांत, २,८५२ बायकांवर. या वेळी आठवडे सोनोग्राफीने पक्के केले आणि सोयी असलेली रुग्णालयंच निवडली. २०२० साली निकाल आला. नवजात बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. औषध तेच. आता सांगा, आठवडे मोजणं ही चैन आहे का?

आठवडे पक्के झाले तरी पुढे गुंता आहेच. कुणाला आपणहून कळा येतात, कुणाचं पाणी आधी जातं, कुणाचा रक्तदाब इतका चढतो की डॉक्टरच बाळंतपण आधी उरकतात. तिन्हींचा शेवट एकच, पण वाटा वेगळ्या. एकत्र मोजलं की कुठलंच कारण नीट दिसत नाही. संसर्गाचंच घ्या. जंतुसंसर्गाने कळा लवकर सुरू होतात हे खरं. म्हणून आफ्रिकेतल्या मलावीत २,२९७ बायकांवर प्रतिजैविक देऊन पाहिलं, २००९ साली निकाल आला: काही फरक नाही. ज्यांना संसर्ग होता आणि ज्यांना नव्हता, सगळ्यांना एकच गोळी. उलट पहिलटकरणींना रोज थोडं ॲस्पिरिन दिल्यावर सहा देशांत मिळून अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आली. तेही २०२०चं. फरक लहान दिसतो, पण गोळी अगदी स्वस्त आहे. आणि हो, तिथेही आठवडे सोनोग्राफीनेच ठरवले होते.

आणि वार. माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा, आणि सगळ्यात आधी टाकून दिला जातो तोही. मलेरियाचे परजीवी वारेत दडून बसतात, आईच्या बोटाच्या रक्तात कधीकधी दिसतही नाहीत. संसर्ग वर चढला असेल तर त्याच्या खुणा वारेच्या पापुद्र्यांत सापडतात. पण ती जपायला फॉर्मलीन हवं, बरणी हवी, कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा माणूस हवा. आमच्याकडे एकदा बरण्या आल्या, झाकणं आली नाहीत. हसू नका, खरंच. झाकणं येईपर्यंत झालेल्या सगळ्या बाळंतपणांपुढे मी "कारण: अज्ञात" पाहिलं आणि पुढे सरकवलं.

या रिकाम्या जागेत काय भरलं जातं ते मात्र मी फॉर्मच्या समासात वाचलंय. "आईने जड उचललं." "प्रवास केला." "हट्टी आहे, आराम केला नाही." विज्ञानाने काही सांगितलं नाही की घरचे सांगतात, आणि त्यांचं बोट कायम एकाच दिशेला असतं. एका बाईने मुलाखत संपल्यावर सेविकेला विचारलं होतं, "माझ्यामुळे झालं का?" सेविकेने तो प्रश्नही इमानाने फॉर्मवर उतरवला होता. त्याला उत्तराचा रकाना नव्हता.

नव्या फेरीचा फॉर्म ठरत होता तेव्हा मी भांडून दोन बदल करून घेतले. तारखेशेजारी एक चौकोन: "आठवत नाही / पाळी आलीच नव्हती", आणि त्यावर खूण असेल तर फॉर्म परत जाणार नाही. आणि "अज्ञात"च्या शेजारी दुसरा चौकोन: "तपासलं नाही". बैठकीत एक साहेब म्हणाले, यामुळे आपला तक्ता फार वाईट दिसेल. पहिल्या महिन्याचे फॉर्म आलेत. दिसतोय वाईट. "अज्ञात" वर मोजक्याच खुणा आहेत, बाकी सगळ्या शेजारच्या चौकोनात.