आतडं धुवायचं कशाला?

त्या 'तीन दिवसांत आतडी लख्ख'चा व्हिडिओ एव्हाना सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेलाय, त्यामुळे थोडक्यातच सांगतो : तीन दिवस नुसत्या पेयांवर राहायचं, एक पावडर घ्यायची, की आतड्याला वर्षानुवर्षं चिकटलेली घाण आणि विष बाहेर पडतं, असा त्यात दावा आहे. काल कट्ट्यावर विषय पेटला तो प्रकाशमुळे. हा गडी ती शुद्धी प्रत्यक्ष करून आला होता आणि वर पुरावाही घेऊन आला होता.

"बघा!" म्हणत त्यानं मोबाइल आमच्या नाकासमोर धरला. हिरवट-तपकिरी, वीतभर लांब, रबरी दोरासारखं काहीतरी.

नंदूनं मान फिरवली. "अरे, माणसांत बसलायस ना तू?"

"वीस वर्षांची घाण आहे ही! आतड्याच्या भिंतीला चिकटून बसलेली. तुमच्या सगळ्यांच्या पोटात आहे. मी मात्र आता रिकामा झालो."

"वरच्या मजल्यावर तर तू पहिल्यापासूनच रिकामा आहेस," नंदू म्हणाला, आणि पहिला हशा तिथंच पिकला.

वंदना हसली नाही. ती एंडोस्कोपी विभागात परिचारिका आहे. दिवसभर माणसांची आतडी पडद्यावर बघायची हे तिचं काम. या विषयावर बोलायचा पहिला हक्क तिचा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिनं मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि नीट पाहिला.

"त्या पावडरीत काय काय होतं?"

प्रकाशनं डब्याचाही फोटो काढून ठेवला होता. वाचून दाखवलं : ईसबगोल, बेंटोनाइट, आणखी काही पाल्याची भुकटी.

"बेंटोनाइट म्हणजे माती. ईसबगोल पाणी शोषून फुगतो, बुळबुळीत होतो आणि माती त्यात बसते. दोन्ही पेल्यात ढवळून रात्रभर ठेव. सकाळी पेल्यातूनही असाच गोळा निघेल. आता पेल्यात वीस वर्षांची घाण कुठून आली?"

"पण आकार बघ ना, अगदी आतड्याचा!"

"आतड्यातून बाहेर आलं, तर दुसरा कसला येणार?"

प्रकाश असा सहजासहजी ऐकणारा नाही. यापूर्वी चुंबकाच्या गादीवर झोपून झालं, तांब्याचं कडं घालून झालं. दर वेळी सुरुवातीला त्याच्या डोळ्यांत हीच चमक असते आणि आवाजही असाच टिपेला लागतो. "तुम्हा दवाखानेवाल्यांना लोक बरे झालेले नकोच असतात," तो म्हणाला. मग त्याला खरा मुद्दा सापडला. "आणि काय गं, तुमच्याकडे तपासणीच्या आधी पेशंटला ते औषध पाजून पोट धुवून काढताच ना? मग? तुम्ही केलं की शास्त्र, आम्ही केलं की मूर्खपणा?"

हा प्रश्न बिनतोड वाटला खरा. आप्पांनीही मान डोलावली.

"कॅमेऱ्याला दिसावं म्हणून धुतो," वंदना म्हणाली. "आत मळ असला तर छोटी गाठ त्याच्या आड राहून जाते. म्हणून त्या एका दिवसापुरतं. आणि त्यात काय बाहेर येतं? एक-दोन दिवसांचं खाल्लेलं. मग मी पडद्यावर जे बघते ना, ते तू एकदा बघायला हवंस. गुलाबी, ओली, चकाकणारी भिंत. इतकी पातळ की आतल्या रक्तवाहिन्यांचं जाळं स्पष्ट दिसतं. मोठ्या आतड्याच्या पार टोकापर्यंत गेलं की अपेंडिक्सचं बारीक तोंड दिसतं. तिथून झडप ओलांडून लहान आतड्यात डोकावलं आणि थोडं पाणी सोडलं, की रसांकुर, म्हणजे भिंतीवरचे केसांसारखे बारीक उंचवटे, हलताना दिसतात. सत्तरीच्या माणसाचं आतडंही असंच असतं, आणि त्यानं जन्मात कधी शुद्धी केलेली नसते. वीस वर्षांचा थर मी अजून बघितलेला नाही."

"थर बसणार तरी कशावर?" आप्पा म्हणाले. आप्पांनी उभी हयात विज्ञान शिकवलं. त्यांना एकदा धागा मिळाला की तास सुरू. "लहान आतड्याच्या आतल्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. जुन्या झडतात, खालून नव्या वर सरकतात. भिंतच जर आठवड्याच्या आत नवी होते, तर वीस वर्षांची घाण चिकटणार कुणाला?"

"आप्पा, पण अन्न आत सडतं त्याचं काय? पोटात कुजून कुजून..."

"जठरात सडत नाही रे, विरघळतं. 1822 साली अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला पोटात बंदुकीचा बार लागला. माणूस वाचला, पण जखम बुजली ती जठराला बाहेरून भोक ठेवूनच. लष्करातला डॉक्टर विल्यम बोमाँट रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायचा आणि थोड्या थोड्या वेळानं ओढून बघायचा. मग त्यानं जठररस बाटलीत काढून घेतला, त्यात मांसाचा तुकडा टाकला आणि बाटली अंगाच्या उष्णतेइतकी गरम ठेवली. पोटाबाहेरही तो तुकडा विरघळला! 1833 साली त्यानं हे सगळं छापलं. जठरातलं आम्ल इतकं जहाल असतं की बहुतेक जंतूंचा तिथंच निकाल लागतो. आणि हो, सेंट मार्टिन चिडला की त्याचं पचन बिघडायचं, हेही बोमाँटनं टिपून ठेवलंय."

"मग प्रकाशला आज रात्रीचं जेवण काही पचत नाही," नंदू म्हणाला.

"तू तर बोलूच नकोस," प्रकाश उसळला. "सहलीला तुझ्या पोटापायी दर अर्ध्या तासाला गाडी थांबवत होतो आम्ही!"

"दोनदा! फक्त दोनदा थांबवली!"

यावर थोडा वेळ गेला. दोनदा की पाचदा याचा निकाल अजून लागलेला नाही, आणि गाडी कोण चालवत होतं यावरही दोन मतं निघाली. वंदनानंच सगळ्यांना ओढून परत आणलं.

"प्रकाश, तू विष बाहेर पडलं म्हणतोस. मला त्या विषाचं नाव सांग. एकच सांग."

प्रकाशनं आप्पांकडे पाहिलं. आप्पा झाडाकडे बघत होते.

"मी सांगते. अमोनिया. प्रथिनं मोडताना तयार होतो, आतड्यातले जंतूही तयार करतात. रक्तातून यकृतात जातो, यकृत त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो लघवीवाटे टाकतात. दुसरं, बिलिरुबिन. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की उरतं, यकृत ते पित्तात सोडतं. शौचाला तपकिरी रंग येतो तो त्याचाच. हे चोवीस तास चालू असतं, तू झोपलास तरी. यात तुझ्या डब्याचं काम कुठं येतं ते दाखव."

मग आप्पांनी पाण्याचा हिशेब मांडला, आणि मला विचाराल तर कालच्या संध्याकाळची सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच. दिवसाला आपण अन्नपाण्यातून घेतो साधारण 2 लिटर पाणी. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा रस मिळून आणखी 7 लिटरच्या आसपास भर पडते. म्हणजे रोज जवळजवळ 9 लिटर द्रव आतड्यातून वाहतो, आणि शौचावाटे बाहेर जातं फक्त 100 ते 200 मिलिलिटर. बाकी सगळं शरीर परत घेतं, क्षारांसकट. "ज्याचं आतडं रोज 9 लिटरनं धुतलं जातं," आप्पा म्हणाले, "त्यानं वरून आणखी काय ओतायचं?"

इतक्यात कुणाचं तरी पोट गुडगुडलं. सगळे प्रकाशकडे वळले. शुद्धीत तीन दिवस पेयांवरच काढलेले, बिचाऱ्याला भूक लागली होती.

"ही बघ तुझी झाडू," वंदना हसत म्हणाली. "पोट रिकामं असलं की दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलंसुरलं पुढं ढकलते. हवा आणि पाणी हलतं त्याचा हा आवाज. घास पोटात गेला की थांबते. फुकटात होतं हे."

सगळे हसले, प्रकाशही. पण वंदनाचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. "हसण्यावारी नेऊ नका रे. जुलाब करून करून शरीरातलं सोडियम-पोटॅशियम निघून जातं, हृदयाचे ठोके बिघडतात. आणि मला खरा राग कशाचा येतो सांगू? शौचातून रक्त पडतंय, वजन उतरतंय, आणि माणूस महिनोन्‌महिने घरी शुद्ध्या करत बसलाय. मग आमच्या टेबलावर येतो तेव्हा गाठ एवढी वाढलेली असते. वेळेत आला असता, तर कॅमेऱ्यातूनच कापून टाकली असती."

कुणी काही बोललं नाही. मला तर तिथल्या तिथं त्या व्हिडिओवाल्याला फोन लावून हे ऐकवावंसं वाटत होतं. असली माणसं भीती विकतात, आणि बळी जातो तो खरोखर आजारी असलेल्याचा.

प्रकाशनं मोबाइल खिशात टाकला. जरा वेळानं हळूच म्हणाला, "मग घरी दोन डबे शिल्लक आहेत, त्यांचं काय करू?"

"माती आहे ना त्यात? कुंडीत घाल."

"स्वतःच्या कुंडीत घाल हं," नंदू तडक म्हणाला. "मागं चुंबकाचं पाणी घालून माझा गुलाब मारलास तू!"

"तुझा गुलाब आधीच मेलेला होता!"

"कळी होती त्याला!"

"कळी नव्हती, कीड होती ती!"

आप्पांना यात कुणाचं खरं ते विचारलं. त्यांना इतकं हसू येत होतं की उत्तर देता येईना.