वारा सुटला म्हणून?

ब्रिटिश युद्धवार्ताहर क्लेअर हॉलिंगवर्थचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'नशीबवान बाई! वारा सुटला आणि शतकातली सगळ्यात मोठी बातमी हातात पडली.' मला हे मनापासून खटकतं.

२८ ऑगस्ट १९३९. वय २७. लंडनच्या 'डेली टेलिग्राफ' या दैनिकात लागून आठवडाही झाला नव्हता. पोलंडमधल्या कातोवित्सेत तिने ब्रिटिश कॉन्सुलची गाडी मागून घेतली आणि सरळ जर्मनीत गेली. गाडीवर ब्रिटनचा झेंडा, म्हणून सरहद्दीवर सोडलं. तिकडे वाइन, टॉर्च, कॅमेऱ्याचे रोल घेतले. परतताना रस्त्याच्या कडेला तरटाचे लांबलचक पडदे बांधलेले दिसले. वाऱ्याने एक तरट उडालं आणि खालच्या खोऱ्यात ओळीने उभे असलेले शेकडो रणगाडे दिसले. कॉन्सुलला पटेना, तेव्हा तिने जर्मनीतून आणलेलं सामान त्याच्यापुढे ठेवलं. दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर आली. बातमीवर तिचं नाव नाही, नुसतं 'आमच्या वार्ताहराकडून'.

पण मुळात त्या रस्त्यावर ती पोचली कशी? त्याच वर्षी, पत्रकार होण्याआधी, कित्येक महिने ती याच कातोवित्सेत हिटलरच्या तावडीतून निसटलेल्या निर्वासितांना ब्रिटनचे व्हिसा मिळवून देत होती. हजारो माणसं त्यामुळे वाचली. तो मुलूख, तिथल्या कचेऱ्या, सगळं तिच्या पायाखालचं होतं. कॉन्सुल अनोळखी माणसाला गाडी देतो का?

१ सप्टेंबरच्या पहाटे जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, दुसरं महायुद्ध सुरू झालं. कातोवित्सेत स्फोटांनी ती जागी झाली. वॉर्सॉच्या ब्रिटिश वकिलातीत फोन लावला. पलीकडचा मित्र विश्वास ठेवेना, वाटाघाटी अजून चालू आहेत म्हणे. तिने रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. रणगाड्यांची घरघर त्याने स्वतःच्या कानांनी ऐकली.

पुढे १९४३ मध्ये ती ट्रिपोलीपर्यंत पोचली, तर ब्रिटिश सेनानी माँटगोमेरीने बाई म्हणून तिला कैरोला परत धाडलं. ती अल्जियर्सला अमेरिकी सेनानी आयसेनहॉवरच्या सैन्याकडे गेली आणि काम चालूच ठेवलं. आपल्याकडे १९६५ च्या भारत-पाक युद्धात पत्रकार प्रभा दत्त यांनाही त्यांच्या दैनिकाने आघाडीवर पाठवायला नकार दिला होता. त्या रजा टाकून खेमकरणला गेल्या आणि तिथून बातम्या पाठवल्या.

१९६३ मध्ये तर वारासुद्धा नव्हता. ब्रिटिश गुप्तहेर खात्यात राहून रशियासाठी हेरगिरी करणारा किम फिल्बी बैरुतमधून नाहीसा झाला. क्लेअरने बंदरातल्या नोंदी तपासल्या. त्याच रात्री एक सोव्हिएत जहाज ओडेसाकडे निघालं होतं. फिल्बी त्यावरून रशियात पळाला, असं तिने लिहून दिलं. तेव्हा ती ज्या दैनिकात होती त्या 'गार्डियन'ने बदनामीच्या खटल्याच्या धास्तीने ती बातमी तीन महिने अडवून ठेवली. शेवटी ती खरीच ठरली.

मी जिल्हा आवृत्तीत होते तेव्हा एका पाणीयोजनेची कागदपत्रं मिळवायला पंचायत समितीत रोज जाऊन बसायचे. दोन महिने. बातमी लागली त्या दिवशी डेस्कवरचा सहकारी म्हणाला, 'लॉटरी लागली तुला.' मी काही बोलले नाही. आज क्लेअरबद्दल तेच ऐकते तेव्हा मात्र गप्प बसवत नाही.

२०१७ मध्ये हाँगकाँगमध्ये क्लेअर वारली, १०५ व्या वर्षी. नव्वदी उलटल्यावरही, कुठून बोलावणं आलं तर असावं म्हणून, पासपोर्ट हाताशी आणि बूट पलंगाशेजारी ठेवून झोपायची.