जुन्या गाडीचे सहा ‘रामबाण’ उपाय आणि त्यांची तपासणी

जुन्या गाडीवरच्या घरगुती उपायांचा एक मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरत असतो. शब्द बदलतात, गाभा तोच: गाडी दहा वर्षांची झाली की तपासण्यांत वेळ घालवू नका, लक्षण बघा आणि सरळ उपाय करा. उपाय सहा. गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाका आणि कूलंटऐवजी साधं पाणी भरा. पांढरा धूर दिसला तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सीलची पट्टी) गेलं समजा. ऑइल कमी होत असेल तर जाड ऑइल घाला. अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारं जनित्र) तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढा. चेक इंजिनचा दिवा लागला तर बॅटरी दहा मिनिटं सोडवून ठेवा. ब्रेक ऑइल कमी झालं तर टॉप-अप करा.

यातलं बरंचसं कार्ब्युरेटर, डायनॅमो आणि बिडाच्या हेडच्या काळात खपून जायचं. आज आपण जिला जुनी म्हणतो ती गाडीही बहुधा फ्युएल इंजेक्शनची, ॲल्युमिनियम हेडची आणि ईसीयूवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकावर, चालणारी असते. तिच्यात एका लक्षणाची चार-पाच कारणं असू शकतात, आणि ती वेगळी करायला बहुतेक वेळा एक मल्टिमीटर, ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणारा एक स्वस्तातला स्कॅनर आणि पाऊण तास पुरतो.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, साधं पाणी भरा.’

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी झडप. बहुतेक इंजिनांत ती ८२ ते ९२ अंश सेल्सियसच्या दरम्यान उघडायला लागते. नेमका आकडा सहसा तिच्यावरच कोरलेला असतो. ती बंद अवस्थेत अडकली तर गाडी तापते, इतकं खरं. पण काढूनच टाकली तर इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो, थंड हवेत तर ते पुरेसं गरम होतच नाही. ईसीयू इंजिन थंड आहे असं धरून जास्त इंधन सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पाण्याचा आणि पेट्रोलचा अंश साठतो आणि पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही) हा कोड येतो. काही इंजिनांत तर उलटाच परिणाम होतो. तिथे थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला दुसरी चकती असते. मुख्य झडप उघडताना ती बायपासचं तोंड बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा, म्हणजे बरंचसं कूलंट रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परत, आणि चढणीवर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. (‘पाणी इतक्या जोरात वाहतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही’ हे याचं कारण म्हणून सांगितलं जातं, ते चूक आहे. प्रवाह वाढला की रेडिएटर एकूण उष्णता जास्तच काढतो.)

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो काढून दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगा. तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी सावकाश तापवा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश अलीकडे-पलीकडे तो हलायला लागला पाहिजे. ८२ अंशांचा असेल तर ९५ च्या आसपास ८ ते १० मिमी उघडलेला दिसतो. परत बसवताना त्यातली छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर मागे हवा अडकते आणि नवा थर्मोस्टॅट घालूनही काटा चढतो.

पण थर्मोस्टॅटला हात लावण्याआधी गाडी नेमकी कधी तापते हे बघायचं. उभी असताना किंवा गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो? मग फॅन. फ्यूज, रिले, तापमानाचा सेन्सर आणि शेवटी मोटर, या क्रमाने तपासा. मोटरला थेट १२ व्होल्ट देऊन ती फिरली तर दोष अलीकडे वायरिंगमध्ये आहे. वेगात किंवा चढावर तापते आणि उभी असताना ठीक? मग रेडिएटर आतून चोंदलेला किंवा बाहेरून मातीने भरलेला, नाहीतर पंपाचं पातं झिजलेलं. इंजिन गरम असताना वरचा होज चटका देणारा आणि खालचा गार असेल तेव्हाच थर्मोस्टॅटकडे वळा, आणि तेव्हाही चोंदलेला रेडिएटर विसरू नका. होज चाचपताना फॅनपासून हात लांब ठेवा; इलेक्ट्रिक फॅन केव्हाही सुरू होतो.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरची कॅप. साधारण १ बार दाब धरून ती पाण्याचा उत्कलनांक १०० वरून १२० अंशांपर्यंत नेते. तिचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, कूलंट शंभरीच्या आसपासच उकळून बाहेर पडतं आणि लोक इंजिन खोलायला निघतात. कॅप इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडायची.

साध्या पाण्याबद्दल या मजकुरात अर्धसत्य आहे. नुसतं पाणी ग्लायकोलच्या मिश्रणापेक्षा, म्हणजे कूलंटपेक्षा, उष्णता चांगली वाहून नेतं, यात वाद नाही. पण त्यात गंजरोधक नसतं. जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, ॲल्युमिनियमचं हेड गॅस्केटच्या कडेने खाल्लं जातं, आणि गोठणाऱ्या थंडीत ब्लॉक तडकू शकतो. रस्त्यात अडकलात तर पाणी जरूर घाला. घरी आल्यावर ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. दोन कूलंट एकत्र करताना रंगावर जाऊ नका, रंग हे काही प्रमाण नाही. मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन जुळलं पाहिजे.

‘पांढरा धूर म्हणजे हेड गॅस्केट.’

एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. सकाळच्या गारव्यात सायलेन्सर थंड असताना ती वाफ दिसणारच. गाडी गरम झाल्यावर ती विरली तर विषय संपला. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून घाबरणारेही पुष्कळ. रोज चार-पाच किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो नुसता बाष्पाचा असतो. डिपस्टिकवरचं ऑइलच कॉफीच्या रंगाचं झालं असेल तर मात्र इंजिन सुरू करू नका.

हेड गॅस्केटचा खरा पुरावा वेगळा. बाहेर कुठे गळती नसताना कूलंट कमी होतं. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज दगडासारखा कडक होतो. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येतात. खात्री हवी तर टाकीच्या तोंडावर लावायची रसायनाची नळी मिळते. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर पेट्रोल गाडीत तिच्यातलं निळं द्रव पिवळं पडतं. हेड उतरवण्याचा खर्च पाहता ही चाचणी न करता काम सुरू करणं आम्हाला तरी पटत नाही.

‘ऑइल कमी होतंय? जाड ऑइल घाला.’

आधी ते कमी होतंय का, आणि किती, हे मोजा. सपाट जागा, गरम इंजिन, बंद करून दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक. खूण करून ठेवा आणि १००० किमीनंतर पुन्हा बघा. बाहेरची गळती शोधायला टॅपेट कव्हरची कड, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक आणि क्रँकची दोन्ही सील या जागा पुसून दोन दिवसांनी पाहायच्या.

गळती नसेल तर ऑइल जळतंय, आणि कुठे जळतंय ते निळा धूर सांगतो. रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ मारल्यावर, किंवा बराच वेळ आयडलवर ठेवून रेस दिल्यावर भपकारा आला तर वॉल्व्ह सील. लोडवर, चढणीवर सतत येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा. दोन्ही ठरवण्याआधी पीसीव्ही वॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू इनटेककडे सोडणारी झडप) काढून हलवा. खुळखुळला पाहिजे, आणि चालू इंजिनवर त्याच्या तोंडावर बोट ठेवलं तर ओढ जाणवली पाहिजे. तो चोंदला की क्रँककेसचा दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो, आणि एवढ्याशा तुकड्यापायी इंजिन बांधायला टाकलं जातं.

रिंगांचा निकाल कॉम्प्रेशन टेस्टने लागतो. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरवर चार-सहा फेरे सेल्फ मारून आकडा लिहा. चांगल्या पेट्रोल इंजिनात तो बहुधा १० ते १३ बार असतो, पण त्याहून महत्त्वाचा आपापसातला फरक: १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ ते १० मिली ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगा किंवा बोअर. चढला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये गेलेलं असतं.

जाड ऑइलने यातलं काहीच दुरुस्त होत नाही. मॅन्युअलमध्ये हवामानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेले असतील तर त्यातला जाड निवडायला हरकत नाही. ५डब्ल्यू-३० च्या इंजिनात थेट २०डब्ल्यू-५० ओतलं तर मात्र थंड सुरुवातीला ते वरपर्यंत उशिरा पोहोचतं, हायड्रॉलिक टॅपेट वाजतात, आणि व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगचं इंजिन असेल तर त्याच्या बारीक मार्गांतून ते हवं तसं वाहत नाही. रिंगांचा खर्च वाचवायला जाऊन कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) गमावण्याचा हा सौदा.

‘चालू इंजिनवर टर्मिनल काढा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब.’

सहा उपायांतला हा सगळ्यात घातक. बॅटरी सर्किटमधला धक्का शोषून घेत असते. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना ती काढली की व्होल्टेज क्षणभरात कित्येक पटींनी उसळतं आणि रेग्युलेटर, डायोड किंवा थेट ईसीयू जाऊ शकतो. शिवाय निकालही भरवशाचा नाही: एक डायोड गेलेला अल्टरनेटरही गाडी चालू ठेवू शकतो.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावा. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२ किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू, दिवे आणि ब्लोअर लावून १३.८ ते १४.५ दिसायला हवं. (बॅटरी सेन्सर असलेल्या काही अलीकडच्या गाड्यांत ईसीयू मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नका.) आता मीटर एसीवर घ्या: अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर डायोडवर संशय.

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी सेल्फ मलूल? जुन्या गाडीत हा घोळ बहुतेकदा अर्थच्या पट्टीचा असतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी सोडवा, दोन्ही टोकं घासून चकचकीत करा, सडली असेल तर बदला. पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. किल्ली फिरवल्यावर टकटकटक असा भराभर आवाज आला तर बॅटरी किंवा टर्मिनल. एकच जोरकस टक् येऊन शांतता असेल तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे ब्रश.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह केबलच्या ओळीत मीटर १० ॲम्पिअरवर जोडा, दारं बंद करून अर्धा तास गाडीला ‘झोपू’ द्या. ५० मिलीॲम्पिअरच्या वर प्रवाह राहिला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याच्याने आकडा पडेल त्या सर्किटमध्ये चोर आहे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

‘दिवा लागला तर बॅटरी सोडवा.’

दिवा विझेल, बिघाड तसाच राहील, आणि त्याच्याबरोबर कोड, बिघाडाच्या क्षणीची नोंद आणि ईसीयूने शिकलेलं आयडलिंगही पुसलं जाईल. जखम मांडीला, मलम शेंडीला. पुढे गॅरेजमध्ये गेल्यावर फिटरला वाचायला काही उरत नाही.

दिवा स्थिर असेल तर जपून चालवून तपासता येतं. लुकलुकत असेल तर इंजिन इतकं मिसिंग करतंय की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतंय. वेग कमी करा आणि लवकरात लवकर थांबा.

कोड वाचला म्हणजे भाग सापडला, हाही एक गैरसमजच. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, एवढंच. पहिल्याची कॉइल तिसऱ्याला लावा, कोड पुसा, गाडी चालवा. पी०३०३ आला तर कॉइल. तिथेच राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. यात ऑक्सिजन सेन्सर बदलणारे खूप, पण तो बिचारा बहुधा खरंच सांगत असतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, बघा. आयडलला अधिक २० टक्के आणि २५०० आरपीएमला अधिक ५ वर आला, तर कुठला तरी व्हॅक्यूम पाइप किंवा इनटेक गॅस्केट हवा खेचतंय. आयडलला ठीक आणि रेस दिल्यावर चढत गेला, तर एअर फ्लो सेन्सर मळलेला किंवा इंधनाचा दाब कमी.

‘ब्रेक ऑइल कमी? टॉप-अप करा.’

ब्रेकची यंत्रणा बंद असते. द्रव जळत नाही, उडून जात नाही. पातळी हळूहळू उतरते ती पॅड झिजून कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकल्यामुळे. वरून भरत गेलात तर ही सूचना पुसली जाते, आणि नवे पॅड घालताना पिस्टन मागे दाबले की टाकी ओसंडते आणि सांडलेला द्रव गाडीचा रंग खातो. पॅडचं अस्तर ३ मिमीपर्यंत आलं असेल तर पॅड बदला, पातळी आपोआप वर येईल. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल तर ती गळतीच: चारही चाकांची आतली बाजू, रबरी होज, आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला मिळतो तिथे ओल शोधा. मागे ड्रम असतील तर व्हील सिलिंडरचं रबर उचलून आत बघा. गळती सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. द्रव हवेतली ओल शोषतो. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनांक ताजा असताना २३० अंश, ओल शिरल्यावर १५५. म्हणून दर दोन वर्षांनी तो पूर्ण बदलायचा, आणि इंजिन ऑइलचा किंवा पॉवर स्टिअरिंग ऑइलचा थेंबही त्यात जाऊ द्यायचा नाही. रबरी सील फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंतची सगळी सील बदलावी लागतात.