पत्रकाराला दोन तासांत डाएटिशियन हवी असते, तेव्हा तुम्ही सापडता का?

कुणी ज्युनिअर विचारते, "मॅम, मीडियाचं काम मिळतं तरी कसं, आम्हाला कुणी विचारतच नाही," की मी आधी तिची लिंक्डइन प्रोफाइल उघडते. बहुतेक वेळा तिथे डिग्री असते, इंटर्नशिप, एक हॉस्पिटल, मग दुसरं हॉस्पिटल, हेडलाइनला "पॅशनेट अबाउट वेलनेस" आणि वर बॅनरला कापलेल्या फळांचा फोटो. नोकरीसाठी ठीक आहे हो, एचआरवाले वाचतील. पण हेल्थ डेस्कवर बसलेल्या माणसाला त्यातलं काय उपयोगी आहे? काही नाही.

मला स्पष्टच सांगायचंय की मीडियाचं काम हवं असेल तर प्रोफाइल शोधणाऱ्याच्या बाजूने लिहावी लागते, आणि हा शोधणारा कायम घाईत असतो.

उदाहरण घ्या. जुलै 2023 मध्ये डब्ल्यूएचओच्या आयएआरसी या कॅन्सरवाल्या संस्थेने डाएट कोल्ड्रिंकमध्ये साखरेऐवजी घालतात त्या अ‍ॅस्पार्टेमला ग्रुप 2बी मध्ये टाकलं, म्हणजे "कदाचित कॅन्सरकारक". त्याच दिवशी खाण्यात घातल्या जाणाऱ्या रसायनांची सुरक्षितता बघणाऱ्या जेइसीएफए या दुसऱ्या समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली, वजनाच्या दर किलोमागे 40 मिलिग्रॅम. आता रिपोर्टरची अवस्था बघा, दोन समित्या, ऐकायला उलटसुलट वाटणारे दोन निकाल, कॉपी दोन तासांत द्यायची आणि संपादक डोक्यावर उभा. तो सर्चमध्ये काय टाइप करणार? डाएटिशियन, आणि पुढे डायबेटिस नाहीतर स्वीटनर. "वेलनेस" तर नक्कीच नाही. अशा वेळी एखादीच्या प्रोफाइलवर त्याच सकाळची पोस्ट दिसली की "एखाद्या पदार्थाने कॅन्सर होऊ शकतो का एवढंच आयएआरसी बघते, किती पोटात गेल्यावर काळजी करायची हे जेइसीएफए बघते, आणि 70 किलोच्या माणसाला ती मर्यादा ओलांडायला डाएट कोल्ड्रिंकचे दिवसाला 9 ते 14 पेक्षा जास्त कॅन प्यावे लागतील", तर त्याचं काम तिथेच झालं ना. तो तिलाच मेसेज करणार. हे कॅनचं गणित काही गुप्त नव्हतं, डब्ल्यूएचओच्याच प्रेसनोटमध्ये होतं. फक्त ते त्याच दिवशी, उचलून छापता येईल अशा दोन वाक्यांत कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं, आणि आपण काय करतो, तर आठवड्याने सावकाश, पंधरा स्लाइडचं कॅरोसेल टाकतो. तोवर बातमी शिळी.

आता हेडलाइन. 220 अक्षरं मिळतात, पण सर्चच्या यादीत आणि मोबाइलवर सुरुवातीचाच तुकडा दिसतो, त्यामुळे महत्त्वाचं ते पुढे. "क्लिनिकल डाएटिशियन, किडनी आणि डायबेटिस. बातम्यांसाठी कोट, हेल्थ लेखांचं परीक्षण, स्क्रिप्ट तपासणी." बस. यात कुठेही पॅशन नाही आणि कुणाचं काही अडत नाही. रजिस्ट्रेशन असेल तर तेही इथेच, कारण ब्रिटनसारख्या देशात डाएटिशियन हे कायद्याने राखलेलं पद आहे आणि न्यूट्रिशनिस्ट नाही, आणि जबाबदार रिपोर्टर हा फरक बघतो. एकच विषय घेतला तर बाकीची कामं जातील ही भीती सगळ्यांनाच वाटते. उलट "सर्व वयोगटांसाठी सर्व प्रकारचा आहारसल्ला" लिहिणारी कुणालाच आठवत नाही.

अबाउट सेक्शन 2,600 अक्षरांचं असतं म्हणून ते सगळं भरायलाच हवं असं नाही. "सी मोअर"च्या आधी दिसतात त्या दोनतीन ओळींत तीन गोष्टी बसवा, कशावर बोलू शकता, कोणत्या भाषांत बोलू शकता आणि किती वेळात उत्तर देता. ही तिसरी गोष्ट कुणी लिहितच नाही! खरं तर घाईतल्या माणसाला सगळ्यात आधी तीच हवी असते.

फीचर्ड सेक्शनमध्ये सर्टिफिकेटांचे फोटो टाकणाऱ्यांनो, कृपा करून थांबा. तिथे एक मिनिटाचा व्हिडिओ टाका, मोबाइलवर काढलेला चालेल, आवाज स्वच्छ हवा आणि नजर कॅमेऱ्यात. टीव्हीवर किंवा पॉडकास्टवर गेस्ट बोलावणाऱ्याला तुमचं ज्ञान नंतर, आधी हे बघायचं असतं की ही बाई बोलताना अडखळत तर नाही ना, आणि साध्या प्रश्नावर अख्खं बायोकेमिस्ट्रीचं लेक्चर तर ठोकत नाही ना.

बरं, आपण होऊन शोधायचं तर कुणाला? सगळे थेट मुख्य संपादकाला रिक्वेस्ट पाठवतात, तो बघतही नाही. गेस्ट ठरवणारी माणसं खालच्या पदावर असतात, असिस्टंट प्रोड्युसर, गेस्ट बुकर, हेल्थ रिपोर्टर, कमिशनिंग एडिटर. लिंक्डइनच्या सर्चमध्ये पदाचं नाव अवतरणचिन्हांत टाका, दोन पदांमध्ये इंग्रजी कॅपिटल अक्षरांत "OR" लिहा, मग पीपल फिल्टर लावा, बरोबर यादी येते. आधी फॉलो करा, त्यांनी अलीकडे काय केलंय ते खरंच वाचा किंवा ऐका, आणि मग नोट पाठवा. फुकटच्या अकाउंटला महिन्याला मोजक्याच रिक्वेस्टबरोबर नोट जोडता येते, तेव्हा "तुमच्या नेटवर्कमध्ये सामील व्हायला आवडेल" यात ती घालवू नका. असं काहीतरी लिहा: "तुमचा मिठावरचा एपिसोड ऐकला. किडनीच्या पेशंटने मिठाऐवजी लो सोडियम मीठ घेतलं तर पोटॅशियमचा धोका असतो, तो भाग राहिला होता. कधी पुन्हा विषय घेतलात तर दहा मिनिटं बोलू शकते." त्यात स्वतःचं कौतुक नाही, एक उपयोगी मुद्दा आहे, आणि तो मुद्दा त्या माणसाला नवीन आहे. उत्तर नाही आलं तर पिच्छा पुरवायचा नाही. महिन्या दोन महिन्यांनी दुसरा मुद्दा घेऊन जायचं.

काही जणी म्हणतात, आम्ही एक्स्पर्ट शोधणाऱ्या सर्व्हिसवर नाव घातलंय, लिंक्डइनची काय गरज. घाला ना, जरूर घाला. पण त्या सर्व्हिसचा भरवसा किती धरायचा? पत्रकारांना एक्स्पर्ट मिळवून देणारं हारो 2008 मध्ये सुरू झालं, वर्षानुवर्षं सगळ्यांचं लाडकं होतं, मग त्याचं कनेक्टिव्हली झालं, 2024 च्या शेवटी ते बंद पडलं आणि 2025 मध्ये दुसऱ्या मालकाने जुन्या नावाने परत चालू केलं. आणि आता एआयने लिहिलेले कोट आणि खोटे एक्स्पर्ट इतके झालेत की तिथून उत्तर आल्यावर शहाणा रिपोर्टर पहिल्यांदा हेच तपासतो की ही व्यक्ती खरी आहे का. तपासायला कुठे जातो? परत लिंक्डइनवरच.

आता पैशाचं बोलू, कारण त्यावर सगळ्याच गप्प बसतात. बातमीतल्या कोटचे पैसे साधारणपणे मिळत नाहीत, आणि मागूही नयेत, कारण पैसे देऊन घेतलेल्या मताला बातमीत किंमत राहत नाही. पण लेख लिहिणं, दुसऱ्याचे लेख तपासणं, मालिकेची किंवा अ‍ॅपची स्क्रिप्ट वाचून चुका काढणं, हे काम आहे आणि कामाचा मोबदला घ्यायचा. मला विचाराल तर टीव्हीवर चेहरा दिसण्यापेक्षा हेल्थ वेबसाइटवर परीक्षक म्हणून नाव लागणं जास्त टिकाऊ. कंटाळवाणं आहे, नातेवाइकांचे फोन येत नाहीत, पण काम नियमित येतं.

आणि ब्रँडचे पैसे घेत असाल तर ते पोस्टमध्येच स्पष्ट लिहा, कोपऱ्यात हॅशटॅग लपवू नका. नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, दोन उद्योग संघटनांना आणि डझनभर डाएटिशियन आणि हेल्थ इन्फ्लुएन्सरना इशाऱ्याची पत्रं पाठवली, अ‍ॅस्पार्टेम आणि साखरेवरच्या पोस्टमागे कुणाचा पैसा आहे हे नीट सांगितलं नाही म्हणून. ती पत्रं सार्वजनिक आहेत, नाव शोधलं की सापडतात. रिपोर्टरलाही सापडतात.

फोटोवरचा "ओपन टू वर्क"चा हिरवा गोल मात्र काढा, तो नोकरी शोधणाऱ्यांसाठी आहे. त्यापेक्षा सर्व्हिसेसचा भाग भरा. आणि प्रीमियम घेऊ का म्हणून इनबॉक्समध्ये विचारणाऱ्यांना एकच उत्तर, आधी फुकटच्या अकाउंटची सर्च लिमिट एकदा तरी संपवून दाखवा, मग बोलू.