पडदा कशाचा ते आधी विचारा

दाताच्या इम्प्लांटसाठी (हाडात बसवायचा कृत्रिम दात) हाड वाढवण्यावरच्या तुमच्या लेखात मेंब्रेनचं, म्हणजे पडद्याचं, काम छान सांगितलंय, की हिरडी भराभर वाढते नि हाड रखडत रखडत, म्हणून मध्ये पडदा घालायचा, नाहीतर हाडाची जागा हिरडीच बळकावते. पण तो पडदा कशाचा असतो हे एका ओळीत उरकलंत राव! माझी खालची दाढ काढल्यावर इम्प्लांटला हाड कमी पडलं, तेव्हा बोन ग्राफ्टची, म्हणजे हाड वाढवायला भरायची, पावडर भरून वर कोलॅजेनचा (प्राण्यांच्या शरीरातलं एक प्रथिन) पडदा टाकला. कोरडा असताना जाड टिश्यू पेपरसारखा, रक्त लागलं की भिजलेल्या पापडासारखा मऊ. नंतर फाईलमधला स्टिकर वाचला तर डुकराच्या कातडीचा! मला काही फरक पडत नाही हो, पण आमची आई खुर्चीतनं उठून गेली असती. गाईगुरांचा असतो, माशाचाही मिळतो, आधी विचारायला हवं. न विरघळणारा पीटीएफईचा, म्हणजे टेफलॉनच, तो नंतर परत हिरडी उघडून काढावा लागतो, आणि मध्येच टाके उसवून उघडा पडला तर इन्फेक्शनची भीती. माझं इम्प्लांट 5 महिन्यांनी बसलं, सुरुवातीचे दिवस भाकरी बंद, नुसती मऊ खिचडी.